१३७ सह्या कमी पडल्या: डेट्रॉईट, २०२४

२१ एप्रिल २०२४. सुरत लोकसभा मतदारसंघातल्या काँग्रेस उमेदवाराच्या अर्जावर ज्या सह्या होत्या, त्या आपल्या नाहीतच असे खुद्द सूचकांनी लिहून दिले आणि अर्ज छाननीत उडाला. दुसऱ्या दिवशी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. सुरतकरांच्या बोटाला शाई लागायची वेळच आली नाही.

त्यानंतर एकच दिवस गेला. २३ एप्रिलला दुपारी चार वाजता तिकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, ऑगस्टमधल्या प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, सह्यांचे कागद दाखल करायची मुदत संपली. डेट्रॉईटमध्ये ॲडम हॉलियर नावाच्या माजी राज्य सिनेटरने आपले गठ्ठे वेळेत पोचवले होते. त्यांना पाडायचे होते ते विद्यमान खासदार श्री ठाणेदार यांना. हो, तेच बेळगावचे ठाणेदार. महिनाभरात हॉलियर शर्यतीच्या बाहेर होते, आणि त्यालाही कारण सह्याच.

सुरतवर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहून आले. डेट्रॉईटची बातमी मात्र ‘मराठी माणसाचा अमेरिकेत पुन्हा विजय’ एवढ्यावर मिटली. अभ्यासायला डेट्रॉईटचे प्रकरण जास्त चांगले आहे, असे माझे मत. एका विद्यमान खासदाराला त्याच्याच पक्षातून आव्हान मिळते तेव्हा नेमके काय काय होते, याचा जवळजवळ पूर्ण पट त्यात दिसतो.

आधी खेळाचे नियम, थोडक्यात. आपल्याकडे तिकीट वरून येते. मुंबईतल्या बंगल्यावर नाहीतर दिल्लीत यादी ठरते, एबी फॉर्म ऐनवेळी हातात पडतो, ज्याला मिळत नाही तो बंडखोरी करतो किंवा गप्प बसतो. अमेरिकेत तिकीट मतदार देतात. मिशिगनमध्ये तर त्यासाठी पक्षाचे सदस्यही असावे लागत नाही. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. मतदाराने कुठलाही एक रकाना निवडायचा आणि शेवटपर्यंत त्यातच राहायचे. दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षीय भागातली सगळी मते बाद. ज्याला सर्वात जास्त मते, तो पक्षाचा उमेदवार. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही. विद्यमान खासदाराला पक्ष ‘तुझे तिकीट कापले’ असे म्हणू शकत नाही, आणि आव्हान देणाऱ्याला ‘तू उभा राहू नकोस’ असेही बजावू शकत नाही. दर दोन वर्षांनी हा सगळा खेळ नव्याने, कारण त्यांच्या प्रतिनिधी सभेची मुदतच दोन वर्षांची.

डेट्रॉईटसारख्या शहरात ऑगस्टची ही निवडणूकच खरी निवडणूक. नोव्हेंबरमध्ये तिथे डेमोक्रॅट उमेदवार जिंकणार हे शेंबडे पोरही सांगेल.

आता जागेची कथा, कारण तिच्याशिवाय ठाणेदारांविरुद्धची नाराजी कळत नाही. डेट्रॉईटमध्ये दर चार रहिवाशांत तीन कृष्णवर्णीय. चार्ल्स डिग्ज १९५४ मध्ये निवडून आले आणि जानेवारी १९५५ मध्ये मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय खासदार म्हणून संसदेत बसले. १९६५ मध्ये जॉन कॉनयर्स आले ते २०१७ च्या डिसेंबरात राजीनामा देईपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ तिथेच होते. १९५५ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत असा एकही कार्यकाळ गेला नाही की डेट्रॉईटचा निदान एक कृष्णवर्णीय खासदार संसदेत नाही. ६८ वर्षे. ती साखळी तुटली ती श्री ठाणेदारांच्या शपथविधीने.

तुटायला आधीपासून सुरुवात झाली होती, आणि ती कशी झाली हे २०१८ च्या एका विलक्षण दिवसात दिसते. कॉनयर्स गेल्यामुळे उरलेल्या काही आठवड्यांसाठी पोटनिवडणूक आणि पुढच्या दोन वर्षांसाठी नेहमीची निवडणूक, अशा दोन प्रायमरी एकाच दिवशी, ७ ऑगस्ट २०१८ ला, एकाच मतपत्रिकेवर आल्या. मतदारसंघ तोच, मतदार तेच, प्रमुख उमेदवारही तेच: नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स आणि रशिदा तलैब. पोटनिवडणुकीत चार उमेदवार होते, तिथे जोन्स जिंकल्या. नेहमीच्या निवडणुकीत सहा होते, तिथे तलैब जिंकल्या, तेही हजाराच्या आत मतांनी. दोन जादा नावे आली आणि निकाल उलटला. जोन्सबाईंच्या वाट्याला जेमतेम पाच आठवड्यांची खासदारकी आली, तलैब देशभर गाजल्या. २०२० मध्ये जोन्स पुन्हा उभ्या राहिल्या, या खेपेस समोरासमोर, दोघींतच. तलैब यांनी त्यांना साफ हरवले. तोवर त्या विद्यमान झाल्या होत्या ना.

मतविभागणीचा याहून स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही जमणार नाही. आपल्याकडचे ‘मते खाणारे’ उमेदवार आपण अंदाजाने मोजतो, इथे शेजारच्या रकान्यातच हिशेब छापून आला.

मग २०२० ची जनगणना आली. मिशिगनची लोकसंख्या इतर राज्यांच्या मानाने मंद वाढली, एक जागा गेली, १४ च्या १३ झाल्या. सीमा आखण्याचे काम पहिल्यांदाच तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे होते: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच अपक्ष. त्यांनी डेट्रॉईटचे दोन मतदारसंघ उपनगरांत लांबवले. नव्या १३व्या मतदारसंघात शहराचा मोठा भाग आला, ग्रोस पॉइंटची तलावाकाठची श्रीमंत वस्ती आली आणि नदीच्या खालच्या अंगाची गोऱ्या कामगारांची गावेही आली. कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून कमी झाले. डेट्रॉईटच्या दुसऱ्या मतदारसंघाच्या कृष्णवर्णीय खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली, तलैब शेजारच्या १२व्यात गेल्या. १३वा रिकामा.

आणि रिकाम्या जागेकडे ठाणेदार आधीच चालत निघाले होते.

त्यांची गोष्ट बऱ्याच मराठी घरांत माहीत आहे, कारण त्यांचे मराठी आत्मकथन आपल्याकडे खूप वाचले गेले. १९५५ चा जन्म, बालपण बेळगावात, चौदाव्या वर्षी वडिलांची नोकरी संपल्यावर घरावर आलेली ओढगस्त, मुंबई विद्यापीठ, १९७९ मध्ये अमेरिका, ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्राची डॉक्टरेट. मग सेंट लुईसमध्ये केमिर नावाची छोटी प्रयोगशाळा कर्ज काढून विकत घेतली आणि वाढवली. २०१० च्या सुमारास बँकेने धंद्यावर टाच आणली आणि सगळे कोसळले. न्यू जर्सीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत शंभराहून जास्त बीगल कुत्रे अडकून पडले होते. ते प्रकरण प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या मागे येते, आणि ताबा तेव्हा बँकेकडे होता असे ते प्रत्येक वेळी सांगतात. नंतर ॲन आर्बरमध्ये दुसरी कंपनी काढून पुन्हा उभे राहिले आणि तिचा मोठा हिस्सा २०१६ मध्ये विकला.

मराठी वाचकाला इथपर्यंतची गोष्ट आवडते. डेट्रॉईटच्या मतदाराला ती २०१८ पासून माहीत आहे. त्या वर्षी ठाणेदार राज्यपालपदाच्या प्रायमरीत उतरले, खिशातले कोटभर डॉलर घातले आणि तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. पण निकालाच्या तक्त्यात एक ओळ होती जी फार थोड्यांनी वाचली: डेट्रॉईट शहरात सर्वाधिक मते ठाणेदारांना होती. ठाणेदारांनी स्वतः ती नक्कीच वाचली असणार. ॲन आर्बरचे घर सोडून ते डेट्रॉईटला आले आणि २०२० मध्ये राज्य विधानसभेवर निवडून गेले. ‘उपरा’ हा शिक्का तेव्हा बसला तो आजही पुसलेला नाही. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे, पण कोल्हापूर काय नि डेट्रॉईट काय, भावना एकच.

२०२२ ची प्रायमरी. मतपत्रिकेवर नऊ नावे. धोका वेळीच ओळखून डेट्रॉईट ज्यात येते त्या वेन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय नेत्यांची एक समिती बसली. हेतू एकच, सर्वांनी मिळून एका उमेदवारामागे उभे राहायचे. समितीने हॉलियर यांना निवडले. मात्र निवृत्त होणाऱ्या खासदार लॉरेन्स यांनी पोर्शिया रॉबर्सन यांना पाठिंबा दिला, कॉनयर्स यांचे चिरंजीव वडिलांच्या नावावर उभे राहिले, आणखीही काही जण राहिले. आपल्याकडच्या ‘सर्वपक्षीय एकास एक’ बैठकांचे जे होते तेच झाले. ठाणेदारांनी स्वतःचे ८० लाखांहून जास्त डॉलर ओतले. त्यांच्या विरोधातही पैसा कमी नव्हता: इस्रायलसमर्थक गटाशी जोडलेल्या निधीने ४० लाखांहून अधिक डॉलर हॉलियर यांच्यासाठी खर्चले, कारण ठाणेदारांनी विधानसभेत असताना इस्रायलची लष्करी मदत थांबवण्याच्या ठरावाला हात दिला होता.

निकाल: ठाणेदार २८ टक्के, हॉलियर २३ टक्क्यांच्या वर. अंतर चार हजारांहून कमी मतांचे. पावणेआठ लाख वस्तीच्या मतदारसंघात ८० हजारांच्या आत मते पडली आणि २२ हजारांच्या आसपास मतांवर खासदारकी पक्की झाली. तेवढ्यात आपल्याकडे विधानसभेची जागाही निघत नाही. दहापैकी सात मतदारांनी ज्यांना मत दिले नाही, ते खासदार झाले. हे बेकायदा नाही, गैरही नाही. पण असा खासदार पहिल्या दिवसापासून आव्हानाच्या सावलीत असतो.

म्हणूनच २०२४ चे आव्हान लागलीच उभे राहिले. हॉलियर यांची बाजू या वेळी कागदावर भक्कम होती. सैन्यात पॅराट्रूपर, राज्य सिनेटर, नंतर राज्यपाल व्हिटमर यांच्या सरकारात माजी सैनिकांच्या विभागाचे प्रमुख. डेट्रॉईटचे महापौर माइक डगन त्यांच्या बाजूने. आणि संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाशी संलग्न निधी समितीने आपल्याच पक्षाच्या बसलेल्या खासदाराविरुद्ध हॉलियर यांना पाठिंबा दिला. विद्यमानाला हात लावायचा नाही, हा संसदेतला अलिखित रिवाज. सहकारीच तो मोडून उघड विरोधात उभे राहतात तेव्हा नाराजी किती आत गेली आहे ते कळते.

ठाणेदारही बदलले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर त्यांनी डेमोक्रॅटिक सोशालिस्ट संघटनेचे सदस्यत्व सोडले आणि इस्रायलच्या बाजूने ठामपणे बोलू लागले. २०२२ मध्ये त्यांच्या विरोधात आलेला तो मोठा पैसा २०२४ मध्ये आला नाही. संधिसाधूपणा म्हणा, मतपरिवर्तन म्हणा. राजकीय हिशेबाने ही चाल बिनचूक होती: समोरच्या तोफखान्यातली सर्वात मोठी तोफ एकही गोळी न झाडता गप्प झाली. शहरभर त्यांच्या चेहऱ्याचे होर्डिंग होतेच. इतके की ती चेष्टेची गोष्ट झाली होती. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सची सवय असल्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटणार नाही.

आता तो कागद.

मिशिगनमध्ये राज्य विधानसभेला उभे राहायचे तर शंभर डॉलर भरले की काम होते. संसदेसाठी ती सोय नाही, सह्याच लागतात: किमान १०००, कमाल २०००. कागद साधाच असतो. वर उमेदवाराचे नाव, पद, निवडणुकीची तारीख. खाली ओळी, आणि प्रत्येक ओळीत सही, सुवाच्य अक्षरात नाव, घर क्रमांक आणि रस्ता, पिन कोड, सही केल्याची तारीख. तळाला सह्या गोळा करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र: या सह्या माझ्यासमोर झाल्या. सही करणारा नोंदणीकृत मतदार हवा, त्याच मतदारसंघातला हवा, आणि त्याने कमाल मर्यादेपेक्षा जास्त उमेदवारांना सही दिलेली नको. रस्त्याच्या या बाजूला १३वा आणि पलीकडे १२वा मतदारसंघ असलेल्या शहरात, किराणा दुकानाच्या दारात उभे राहून घाईने सह्या घेतल्या तर काही वाया जाणारच. म्हणून जाणते कार्यकर्ते दीडपट-दुप्पट गोळा करतात आणि देण्यापूर्वी मतदार यादीशी पडताळून घेतात.

हे काम स्वयंसेवकांकडून झाले तर हळू होते, पण अक्षरे वेगवेगळी असतात. कंत्राटावर, सहीमागे पैसे देऊन झाले तर भराभर होते, आणि मग मोह होतो. मिशिगनमध्ये त्या मोहाला नाव आहे, आपण त्याला ‘गोलमेज’ म्हणू: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, मतदार यादी मध्ये, कागद हातोहात फिरतो आणि प्रत्येक जण एकेक ओळ आपल्या अक्षरात भरतो, म्हणजे सलग ओळी एका हातच्या दिसत नाहीत. २०२२ मध्ये राज्याच्या निवडणूक विभागाने ३६ जणांनी गोळा केलेल्या किमान ६८ हजार सह्या बाद ठरवल्या होत्या. त्यात राज्यपालपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक एका फटक्यात बाहेर गेले. त्यांपैकी एक डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग.

त्याही आधी, २०१२ मध्ये, खासदार थॅडियस मॅकॉटर यांच्या कार्यालयातल्या लोकांनी जुन्या कागदांच्या झेरॉक्स चिकटवून दिल्या. वैध सह्या निघाल्या २४४. त्यांनी राजीनामा दिला. २०१४ मध्ये तर साक्षात जॉन कॉनयर्स अडकले. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी काही जण स्वतः मतदार म्हणून नोंदलेले नव्हते, ते कागद बाद झाले आणि जवळजवळ पन्नास वर्षे खासदार असलेल्या माणसाकडे वैध सह्या उरल्या ५९२. ज्यांनी तो निर्णय दिला त्या वेन काउंटीच्या क्लर्क कॅथी गॅरेट. (क्लर्क म्हणजे आपला कारकून नव्हे. ते निवडून यायचे पद आहे, कामाने आपल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या जवळचे.) कॉनयर्स वाचले, कारण फेडरल न्यायाधीशांनी ‘गोळा करणारा मतदारच हवा’ ही अटच अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवली. मतदारांच्या सह्या खऱ्या होत्या, हे त्यांच्या बाजूने होते.

हॉलियर यांचे तसे नव्हते. दहा वर्षांनी त्याच कॅथी गॅरेट, त्याच काउंटीचे कार्यालय, तीच हजाराची अट. हॉलियर यांनी दीड हजारांच्या वर सह्या दिल्या होत्या. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली. छाननीत कर्मचाऱ्यांना काही कागदांवर एकाच हाताची वळणे पुन्हा पुन्हा दिसली. वजाबाकी होत होत वैध सह्या उरल्या ८६३. हजाराला १३७ कमी. निर्णय कायम राहिला आणि हॉलियर यांचे नाव मतपत्रिकेवर आले नाही. आपण भलत्या माणसावर विश्वास टाकला, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. ते खरेही असेल. पण दोनच वर्षांपूर्वी पाच जणांचा असाच बळी घेतलेल्या राज्यात, संसदेची निवडणूक एकदा लढलेल्या माणसाने दोन हजारांच्या मुभेपैकी चारशेहून जास्त जागा रिकाम्या सोडाव्यात आणि गठ्ठा देण्याआधी कुणा जुन्या खोडाला मतदार यादी घेऊन आठवडाभर बसवू नये, याला गाफीलपणा म्हणतात. ‘ठाणेदारांनी तांत्रिक मुद्द्यावर काटा काढला’ ही तक्रार मला पटत नाही. हरकत घेणे हा प्रतिस्पर्ध्याचा हक्क आहे. आपल्याकडे छाननीच्या दिवशी वकील घेऊन जातातच की.

यातला खरा तोटा वेळेचा. हॉलियर यांच्यामागे जमलेला पाठिंबा, देणग्या, कार्यकर्ते, सगळे मे महिन्याच्या अखेरीस अधांतरी झाले आणि नवा उमेदवार उभा करायची मुदत महिन्यापूर्वीच संपलेली. मतपत्रिकेवर जी नावे होती त्यांतूनच निवड करायची होती. शहर परिषदेच्या सदस्य मेरी वॉटर्स आणि शकिरा हॉकिन्स या वकीलबाई. वॉटर्सबाईंना ओळख होती, शहरभरातून निवडून आलेल्या होत्या. पैसा नव्हता. दूरचित्रवाणीवरची जाहिरात दहा आठवड्यांत उभी करायला लागतो तो तर नव्हताच.

६ ऑगस्ट २०२४ ला मतदान झाले. ठाणेदार ५४ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन जिंकले, वॉटर्स खूप मागे दुसऱ्या, हॉकिन्स तिसऱ्या.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक खोच बसते, ती लपवण्यात अर्थ नाही. २०२२ चा विजय मतविभागणीचा होता हे आकडेच सांगतात. २०२४ चा नव्हता. विरोधातली सगळी मते एका पारड्यात टाकली तरी ठाणेदार पुढेच राहतात. दोन वर्षांत २८ चे ५४ झाले. यातले किती त्यांच्या कामाचे, किती होर्डिंगचे, किती समोर तगडा माणूस नसण्याचे, हे वेगळे काढता येत नाही. पण एक गोष्ट डेट्रॉईटचे पुढारी सहज विसरले: ठाणेदारांना कृष्णवर्णीय वस्त्यांत मते मिळतच होती, २०१८ पासून. नेत्यांचा राग आणि गल्लीतल्या मतदाराचा राग यांत फरक असतो. समितीची बैठक, निधी समितीचा पाठिंबा, महापौरांचे पत्रक ही सगळी नेत्यांची भाषा. ज्या आजीबाईला खासदाराच्या कार्यालयाने पेन्शनचा कागद हलवून दिला, तिला ती भाषा ऐकूही येत नाही.

याच वर्षीचे इतर निकाल शेजारी ठेवले तर चित्र आणखी उघडते. २०२४ मध्ये प्रायमरीत हरलेले विद्यमान खासदार सबंध देशात चार. त्यांतले अलाबामाचे जेरी कार्ल तर दुसऱ्या विद्यमानाकडूनच हरले, कारण सीमा बदलून दोघे एकाच मतदारसंघात आले होते. उरले तीन. व्हर्जिनियात बॉब गुड यांचा अगदी थोडक्यात पराभव झाला, समोर ट्रम्प यांच्या पाठिंब्याचा उमेदवार होता. न्यूयॉर्कमध्ये जमाल बोमन हरले आणि सेंट लुईसमध्ये कोरी बुश. या दोघांच्या विरोधात इस्रायलसमर्थक निधीचा प्रचंड पैसा ओतला गेला, बोमन यांच्या वेळी तर एक कोटी ४० लाख डॉलरच्या वर. तिन्ही ठिकाणी आव्हान देणारा माणूस निवडणुकीच्या अनुभवाचा होता, त्याच्यामागे बाहेरचे मोठे बळ होते, आणि लढत प्रत्यक्षात दोघांतच होती. डेट्रॉईटमध्ये यातली पहिली गोष्ट छाननीत गेली, दुसरी ठाणेदारांनी आधीच निकामी केली होती, आणि तिसरी एप्रिलनंतर जमवणे कुणाच्याच हातात नव्हते.

कोरी बुश हरल्या तीही ६ ऑगस्टचीच रात्र. ज्या सेंट लुईसमध्ये ठाणेदारांनी पहिली कंपनी उभारली, तिथली खासदार त्या रात्री पडली आणि डेट्रॉईटमध्ये ते टिकले. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण बेळगावच्या कट्ट्यावर कुणी सांगितला तर ‘नशीबवान माणूस’ असा शेरा हमखास मिळेल.

आव्हान तिथे संपले नाही. एप्रिल २०२५ च्या अखेरीस ठाणेदारांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे सात कलमी प्रस्ताव दाखल केले. मे महिन्यात त्यावर मतदान घडवून आणायची घोषणा केली आणि स्वपक्षीयांनीच डोळे वटारल्यावर मागे घेतली. त्याच सुमारास राज्य विधानसभेतले तरुण सदस्य डोनावन मॅकिनी यांनी २०२६ साठी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली, पुढे सिनेटर बर्नी सँडर्स आणि शेजारच्या मतदारसंघातल्या तलैब यांचा पाठिंबाही मिळवला. हॉलियरही पुन्हा मैदानात आले होते. म्हणजे पुन्हा तिरंगी, पुन्हा मतविभागणी.

पण २०२५ मध्येच हॉलियर यांनी संसदेचा नाद सोडला आणि मिशिगनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट पदाकडे मोर्चा वळवला. राज्यातल्या निवडणुका, आणि त्यांतले सह्यांचे कागद, ज्या खात्याच्या देखरेखीखाली येतात ते हे पद. त्याचा उमेदवार प्रायमरीत ठरत नाही, पक्षाच्या अधिवेशनात ठरतो. तिथे सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.